स्वीडनमध्ये शिकताना मित्रमैत्रिणी राहायला येणार असतील तर : तारखा ठरवण्यापासून निरोपापर्यंतचा क्रम

भारतातून मित्र येणार असे ठरले की पहिले बोलणे विमानाच्या तिकिटाचे होते, आणि क्रम तिथेच चुकतो. स्वस्त दिसले म्हणून तिकीट काढले जाते, मग व्हिसाच्या अपॉइंटमेंटची शोधाशोध सुरू होते, मग यजमान विद्यार्थ्याच्या लक्षात येते की नेमक्या त्याच आठवड्यात आपली परीक्षा आहे, आणि खोलीच्या करारात पाहुण्यांविषयी काय लिहिले आहे हे सगळ्यांत शेवटी, बहुधा शेजाऱ्याने तक्रार केल्यावर, वाचले जाते. खरा क्रम याच्या उलट आहे. आधी आपले वेळापत्रक, मग खोलीचे नियम, मग आमंत्रणाचे कागद, मग व्हिसा, आणि तिकिटाचे पैसे त्यानंतर.

पुढील टप्पे उप्सालामधील कॉरिडॉरच्या खोलीत, म्हणजे एकाच मार्गिकेवरच्या आणि स्वयंपाकघर सामाईक असलेल्या विद्यार्थी-खोल्यांपैकी एकीत, राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने लिहिले आहेत. लुंड, गोथेनबर्ग किंवा स्टॉकहोममध्ये बस-कंपन्यांची नावे बदलतील, पण क्रम हाच राहील.

टप्पा १ : आपल्या वेळापत्रकातून तारखा काढा

स्वीडनमध्ये अनेक विद्यापीठांत सत्रातील विषय एकामागोमाग एक शिकवले जातात. एक विषय चार-पाच किंवा दहा आठवडे चालतो, त्याची परीक्षा होते आणि लगेच पुढचा सुरू होतो. त्यामुळे परीक्षा, म्हणजे इथल्या बोलीत ‘टेंटा’, सत्राच्या शेवटीच असेल असे भारतातल्या सवयीने धरून चालू नये. शरद सत्र जानेवारीच्या मध्यापर्यंत चालते; म्हणजे नाताळच्या सुट्टीत आलेला पाहुणा तुमच्या अभ्यासाच्या अगदी निकराच्या दिवसांत येतो. वसंत सत्र जूनच्या सुरुवातीला संपते. पाहुण्यांसाठी सर्वांत मोकळा काळ त्यानंतरचा.

ऋतूचाही विचार याच वेळी करावा. डिसेंबरच्या मध्यात उप्सालामध्ये सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेतीनच्या सुमारास मावळतो. हे पाहुण्याला आधी सांगितले नाही, तर तो दुपारी अडीचला घराबाहेर पडतो आणि तासाभरात अंधारात उभा असतो. जूनमध्ये उलट त्रास होतो : सूर्य रात्री दहानंतर मावळतो, पहाटे साडेतीनपूर्वी उगवतो आणि पातळ पडद्यांच्या खोलीत नव्या माणसाला झोप लागत नाही. डोळ्यांवर बांधायची पट्टी आणायला सांगावी.

मिडसमर या उन्हाळ्याच्या सणाचा शुक्रवार (१९ ते २५ जूनमधला) आणि २४ डिसेंबर या दोन दिवशी शहर जवळजवळ बंद असते. उप्सालामध्ये ३० एप्रिलला, वाल्बोर्ग या वसंताच्या सणाच्या दिवशी, याउलट इतकी गर्दी होते की अचानक राहायला जागा मिळणे अवघड असते. या दिवसांत पाहुणे येणार असतील तर हे ठाऊक असूनच यावेत.

*तपासणी :* परीक्षा, तिची नोंदणी, फेरपरीक्षा आणि सबमिशन या चारही तारखा एका कागदावर लिहा. पाहुण्याचे येणे आणि परीक्षा यांत किमान चार दिवसांचे अंतर राहत नसेल, तर तारीख बदला. इथे भीड धरू नका. मित्राला आत्ता ‘नाही’ म्हणणे त्याला आठवडाभर एकटे सोडण्यापेक्षा बरे.

टप्पा २ : खोलीचा करार वाचा, मग कॉरिडॉरला विचारा

कॉरिडॉरची खोली बहुधा अठरा-वीस चौरस मीटरची असते. न्हाणीघर आत आणि स्वयंपाकघर आठ-दहा जणांत सामाईक. करारात दोन गोष्टी शोधा : पाहुणा सलग किती रात्री राहू शकतो, आणि एका वेळी किती जण. मर्यादा लिहिलेली नसेल तर घर देणाऱ्या कंपनीला ई-मेल पाठवून लेखी उत्तर घ्या. फोनवर मिळालेले ‘चालेल’ पुढे वाद झाला तर उपयोगी पडत नाही.

पाहुणा तुमच्याबरोबर राहतो तोवर तो पाहुणा असतो. तुम्ही स्वतः दुसरीकडे राहायला गेलात आणि किल्ली त्याच्या हाती दिलीत, तर त्याला ‘आन्द्राहान्द’, म्हणजे पोटभाड्याने देणे, समजले जाऊ शकते, आणि त्यासाठी घरमालकाची परवानगी लागते. उन्हाळ्यात भारतात जाताना ‘तुम्ही राहा माझ्या खोलीत’ असे प्रेमाने सांगणारे पुष्कळ जण आपला करार धोक्यात घालतात. वर पैसे घेतले तर प्रकरण अधिकच गंभीर होते.

त्यानंतर शेजाऱ्यांना सांगा. कॉरिडॉरच्या गटात आठवडाभर आधी एक साधा निरोप टाकावा : कोण येणार, किती जण, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि स्वयंपाकघर आम्ही कोणत्या वेळी वापरू. इथे पाहुणा आल्यापेक्षा तो न सांगता आल्याचा राग अधिक येतो, आणि तो राग कोणी तोंडावर बोलून दाखवत नाही. फ्रिजवर चिठ्ठी चिकटते. त्या चिठ्ठीची वेळ येऊ देऊ नये.

खोलीत एका पाहुण्याची सोय नीट होते, दोघांची ओढूनताणून, तिघांची होत नाही. तिघे येणार असतील तर एक-दोघांसाठी ‘वान्द्रारहेम’, म्हणजे हॉस्टेल, आधीच बघून ठेवा. तिथे चादरी आणि निघतानाची सफाई दरात धरलेली असेलच असे नाही. बुकिंग करताना हे दोन्ही विचारावे.

*सावधान :* किल्ली स्वतःहून दुसरी बनवून घेऊ नका. हरवलेली किल्ली म्हणजे अनेक ठिकाणी कुलूपच बदलण्याचा खर्च, आणि तो भाडेकरूवर पडतो.

टप्पा ३ : आमंत्रण आणि व्हिसा

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून तो सावकाश वाचावा.

भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन, म्हणजे स्वीडनसह बहुतेक युरोपीय देशांत एकत्र चालणारा, व्हिसा लागतो. तो कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांच्या मुक्कामासाठी असतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाची नेहमीची मुदत पंधरा दिवसांची असली तरी ती वाढू शकते, आणि उन्हाळ्यापूर्वी अपॉइंटमेंट मिळण्यातच आठवडे जातात. प्रवासाच्या तीन महिने आधी अर्ज जावा, असे धरून मागे मोजत या. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही.

यजमान म्हणून तुमच्याकडून जाणारे कागद असे :

१. मिग्रशूनवेर्केत, म्हणजे स्थलांतर खात्याचा, आमंत्रणाचा नमुना. तो भरून त्यावर सही करायची. भेटीचे कारण, तारखा, तुमचे नाते आणि राहण्याचा पत्ता यांत लिहिलेला मजकूर पाहुण्याच्या अर्जाशी शब्दशः जुळला पाहिजे.

२. स्काटेवेर्केत, म्हणजे कर खात्याकडून मिळणारे ‘पर्शूनबेवीस’, नागरिक-नोंदणीचा दाखला. बँकआयडी, म्हणजे बँकेने दिलेली डिजिटल ओळख, असेल तर तो संकेतस्थळावरून लगेच निघतो. एक वर्षापेक्षा कमी काळासाठी आलेल्या विद्यार्थ्याची ही नोंदणी सहसा झालेली नसते. त्याने निवास परवान्याच्या कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत आणि विद्यापीठाचा प्रवेश-दाखला द्यावा.

३. खोलीच्या कराराची प्रत, आणि टप्पा २ मध्ये मिळवलेले लेखी उत्तर.

पाहुण्याने आपल्या बाजूने द्यायचे ते : मागील दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असणारा आणि दोन कोरी पाने असलेला पासपोर्ट, संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास-विमा, नोकरी किंवा शिक्षण भारतात चालू असल्याचे पत्र, आणि बँकेची विवरणे. स्वीडन दर दिवसाला ४५० क्रोनर इतकी तरतूद पाहते. राहण्या-जेवण्याची सोय यजमान करणार असेल तर कमी रक्कमही ग्राह्य धरली जाऊ शकते.

इथे मनापासून सांगतो : पाहुण्याचा सगळा खर्च आपण करू असे आमंत्रणात भावनेच्या भरात लिहू नका. विद्यार्थी म्हणून तुमच्या खात्यातली रक्कम तुमच्याच परवान्याच्या नूतनीकरणासाठी दाखवायची असते. ‘राहण्याची सोय माझ्याकडे, बाकीचा खर्च पाहुण्याचा’ हे वाक्य खरेही आहे आणि पुरेसेही.

नेहमी होणाऱ्या चुका तीन. पहिली, चुकीच्या देशाकडे अर्ज. जिथे मुक्काम सर्वांत जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. मुक्काम सारखे असतील तर जिथे प्रथम प्रवेश होतो त्या देशाकडे. ‘त्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते’ म्हणून दुसरीकडे केलेला अर्ज अंगाशी येतो. दुसरी, एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असताना मध्येच लंडनला जाण्याचा बेत. लंडन शेंगेनमध्ये नाही; तिथून परत येण्यासाठी अनेक प्रवेशांचा व्हिसा लागतो, शिवाय ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा लागतो तो वेगळाच. तिसरी, पैसे परत न मिळणारे तिकीट आधी काढणे. अर्जाबरोबर आरक्षण जोडावे. पूर्ण पैसे भरणे व्हिसा हातात आल्यावर.

*तपासणी :* व्हिसा मिळाल्यावर स्टिकरवरचे चार तपशील दोघांनी मिळून वाचा : नावाचे स्पेलिंग, ‘पासून-पर्यंत’ या तारखा, परवानगीचे दिवस आणि प्रवेशांची संख्या. तारखांची मुदत आणि परवानगीचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे एक दिवस जास्त राहिला तरी तो मोजला जातो.

टप्पा ४ : सामानात काय आणू नये

घरची आई डबे भरायला बसते तेव्हा हा टप्पा लक्षात राहत नाही, म्हणून यादी आईच्याच फोनवर पाठवावी. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला वैयक्तिक सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा आणि पनीर नाही. ताजी फळे व भाजीपाला यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो; केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना त्यातून सूट आहे, आंब्याला नाही. मे महिन्यात येणाऱ्या मित्राने हापूसची पेटी आणावी अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे, पण ती पेटी विमानतळावर जप्त होईल. कढीपत्त्याच्या ताज्या डहाळ्यांचेही तेच.

गोडा मसाला, मेतकूट, डाळी, पोहे, पापड, चिवडा आणि बाकरवडी बिनघोर आणता येते. पुड्या बंद व लेबल असलेल्या असाव्यात. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणावीत.

भारतातील तीन गोल पिनांचा प्लग इथे बसत नाही, अ‍ॅडॉप्टर लागतो. विजेचा दाब सारखाच असल्याने दुसरे काही लागत नाही.

टप्पा ५ : उतरण्याचा दिवस

विमान फ्रँकफर्ट किंवा हेलसिंकीमार्गे येत असेल तर पासपोर्टची तपासणी तिथेच, म्हणजे शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर होते. मधला वेळ किमान अडीच-तीन तासांचा असावा, आणि आमंत्रण, विमा, परतीचे तिकीट व तुमचा पत्ता हे सगळे छापील स्वरूपात हातातल्या पिशवीत असावे. चेक-इन केलेल्या बॅगेत ठेवलेला कागद तपासणीच्या खिडकीपाशी नसल्यासारखाच.

पाहुण्याला पत्ता पाठवताना रस्ता आणि घरक्रमांकावर थांबू नका. इमारतीच्या दाराचा सांकेतिक आकडा, मजला, चार अंकी खोलीक्रमांक आणि दारावर लिहिलेले नाव पाठवा. माझा नाशिकचा एक मित्र जानेवारीत रात्री साडेअकराला आमच्या इमारतीखाली पोहोचला, तेव्हा त्याच्याकडे पत्ता होता, पण दाराचा आकडा नव्हता. थंडीने फोनची बॅटरी उतरली होती, आणि मी विमानतळाच्या बसची वाट पाहत दुसऱ्याच थांब्यावर उभा होतो. उणे बारा अंशांत तो वीस मिनिटे उभा राहिला. तेव्हापासून मी आकडा कागदावर लिहून घ्यायला सांगतो आणि भेटण्याची जागा विमानतळाच्या आत ठरवतो.

स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळाहून उप्सालाला ८०१ क्रमांकाची बस येते. आगगाडी अधिक जलद आहे. आर्लांडाच्या स्थानकावर पेंडेलतोग, म्हणजे लोकल गाडी, पकडल्यास स्थानकातून जाण्याचे वेगळे शुल्क पडते. स्टॉकहोमला जाणाऱ्या पाहुण्याने ५८३ क्रमांकाच्या बसने मेर्स्टाला जाऊन तिथून लोकल घेतली तर ते शुल्क वाचते. वेळ मात्र अधिक लागतो.

टप्पा ६ : स्वयंपाकघर आणि धुलाईघर

पहिल्या संध्याकाळी, जेवणाच्या आधी, पाहुण्याला स्वयंपाकघर दाखवा : आपले कपाट कोणते, फ्रिजमधला आपला कप्पा कोणता, सामाईक भांडी कोणती. दुसऱ्याच्या कप्प्यातले दूध ‘उद्या भरून देऊ’ म्हणून घेणे इथे चालत नाही. भांडी वापरली की त्याच वेळी घासायची.

फोडणीबद्दल स्वतंत्रपणे सांगावे लागते. कॉरिडॉरमध्ये धूर ओळखणारी यंत्रणा असते. तेल तापून धुरावले, त्यात मोहरी तडतडली आणि वर लाल मिरची पडली की तो खाट स्वयंपाकघरातून बाहेर पसरायला अर्धे मिनिटही लागत नाही. गजर वाजला की सगळी इमारत खाली उतरते, अग्निशमन दलाची गाडी येऊ शकते, आणि अनेक ठिकाणी विनाकारण झालेल्या फेरीचे बिल भाडेकरूला येते. क्रम असा ठेवा : आधी चिमणीचा पंखा पूर्ण वेगाने सुरू करा, मग कॉरिडॉरकडचे दार बंद करा, मग खिडकी उघडा, आणि मगच तेल ठेवा. शेगडी विजेची असल्याने बटण बंद केले तरी तवा तापतच राहतो. फोडणीचे भांडे उचलून बाजूला ठेवले पाहिजे. मिरची तेलात न टाकता भाजीबरोबर टाकावी, चवीत फारसा फरक पडत नाही. धूर झालाच तर कॉरिडॉरकडचे दार उघडून तो घालवू नये. गजर वाजतो तो नेमका त्यामुळेच.

रात्री दहा ते सकाळी सात शांतता पाळतात. भारताशी व्हिडिओ कॉल करायचा तर तो खोलीत, दार लावून.

धुलाईघराची, म्हणजे ‘त्वेटस्तूगा’ची, वेळ आधी राखून ठेवायची असते. पाहुण्याचे कपडे आणि चादरी लक्षात घेऊन त्याच्या मुक्कामाच्या मध्याची आणि निघाल्यानंतरच्या दिवसाची अशा दोन वेळा आजच राखून ठेवा. वेळ सुरू झाल्यावर अर्ध्या तासात यंत्र चालू केले नाही तर बहुतेक ठिकाणी ती वेळ दुसरा घेऊ शकतो. काम झाल्यावर वाळवणी यंत्राची जाळी साफ करणे आणि ओटा पुसणे हे तुमचे काम. पाहुण्यावर सोडू नका, कारण तक्रार तुमच्या खोलीक्रमांकावर येते.

टप्पा ७ : पैसे आणि फिरणे

स्वीडनमध्ये पुष्कळ दुकाने रोख रक्कम घेतच नाहीत, म्हणून नोटा बदलून आणू नयेत. परदेशात चालणारी दोन कार्डे पुरतात, आणि ती दोन वेगवेगळ्या बँकांची असावीत. स्विश या फोनवरून पैसे पाठवायच्या अ‍ॅपला स्वीडिश बँक-खाते लागते, त्यामुळे पाहुण्याकडे ते असणार नाही. साहजिकच सगळीकडे पैसे तुम्हीच भरत जाता आणि आठवड्याने हिशेब कोणाला आठवत नाही. रोजच्या रोज लिहून ठेवा; मैत्रीला त्याने बाधा येत नाही.

तुमची विद्यार्थी-सवलत पाहुण्याला लागू नाही. तुमच्या सवलतीच्या तिकिटावर तो प्रवास करताना सापडला तर दंड होतो; स्टॉकहोमच्या एसएल या सार्वजनिक वाहतूक-संस्थेत विनातिकीट प्रवासाचा दंड १,५०० क्रोनर आहे. पाहुणा पंचवीस वर्षांपर्यंतचा असेल तर एसजे या रेल्वे-कंपनीच्या गाड्यांत तरुणांसाठीचे दर बघावेत. उप्साला-स्टॉकहोम लोकलवर फक्त एसएलचे तिकीट पुरत नाही, कारण उप्सालाकडचा भाग यूएल या तिथल्या वाहतूक-संस्थेचा आहे. दोन्हींचे मिळून तिकीट घ्यावे लागते. स्टॉकहोमच्या स्थानकावर कार्ड टेकवून आत शिरलेला पाहुणा हे हमखास चुकतो.

माल्मोहून पूल ओलांडून कोपनहेगनला जाताना मूळ पासपोर्ट जवळ हवा, छायाचित्र चालत नाही. परतताना स्वीडनच्या बाजूला कागद तपासले जातात. तुम्हीही पासपोर्ट आणि निवास परवान्याचे कार्ड बरोबर ठेवा.

मद्य आणायचे असेल तर ते मुख्यतः सिस्तेमबोलागेत या सरकारी दुकानांत मिळते. तिथे वयाची अट २० वर्षांची आहे, शनिवारी बहुतेक दुकाने दुपारी तीनला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचे पाणी उत्तम असते.

टप्पा ८ : तुम्ही नसताना, आणि आजारपण आले तर

तुमच्या वर्गाच्या वेळेत पाहुणा एकटा असणार. त्याच्याजवळ दाराचा आकडा, शेजारच्या एका विद्यार्थ्याचा क्रमांक आणि थंडीत आत जाऊन बसण्याजोग्या दोन जागांची नावे असावीत. उप्सालामध्ये शहर-ग्रंथालय आणि कॅथेड्रल या दोन्ही ठिकाणी प्रवेशशुल्क नाही.

तातडीचा क्रमांक ११२. आरोग्याविषयी सल्ल्यासाठी ११७७. ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल इथे ‘आल्वेदोन’ या नावाने मिळते. प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. भारतीय पाहुण्याला उपचारांचा पूर्ण खर्च स्वतः द्यावा लागतो, म्हणून विम्याचा क्रमांक आणि कंपनीचा दूरध्वनी तुमच्याही फोनमध्ये पहिल्याच दिवशी साठवून घ्या.

टप्पा ९ : निघण्याचा दिवस

आदल्या रात्री खोलीची किल्ली परत घ्या, सकाळी नको. घाईत ती पाहुण्याच्या कोटाच्या खिशात मुंबईपर्यंत जाते. फ्रिजच्या कप्प्यातले उरलेले अन्न त्याच रात्री संपवा किंवा टाका. पेयांचे रिकामे डबे आणि बाटल्या किराणा दुकानातल्या यंत्रात देऊन त्यांची अनामत रक्कम परत घ्या. कॉरिडॉरच्या गटात ‘आजपासून स्वयंपाकघर पुन्हा नेहमीसारखे मोकळे’ असे लिहून आभार माना, आणि मित्राने आणलेल्या बाकरवडीची एक पुडी सामाईक टेबलावर उघडून ठेवा. धुलाईघराची राखून ठेवलेली वेळ उद्याची आहे. चादरी आजच पिशवीत भरून दाराशी ठेवा.